सोनसावरीचं थाई नाव

“ताई, एवढं एकच नाव राहिलंय,” शुभदा म्हणाली आणि तिनं ओल्या रुमालाची घडी माझ्या टेबलावर उलगडली.

आत एक पिवळंधमक फूल होतं. तळहाताएवढं, पाच पाकळ्यांचं, मध्ये केशरी केसरांचा झुबका. आमांच्या आतल्या चौकातल्या झाडाचं. त्या दिवसांत त्या झाडावर पान म्हणून नसायचं, नुसती फुलं.

“भिंतीच्या बाहेर पडलं होतं हं, मी तोडलं नाही,” ती हसली. “आमच्याकडे देवरुखला सड्यावर असतं हे. सोनसावर. याला इथं काय म्हणतात तेवढं सांगा, की माझी वही पुरी झाली.”

“लुंग बुनला विचार की.”

“ते गावी गेलेत आठ दिवस. परवा सकाळी येणार, आणि परवा तर कार्यक्रमच आहे. आमांना विचारावं तर वही त्यांनाच द्यायची आहे. मग उरलं कोण? तुम्हीच.”

मग उरलं कोण, तुम्हीच. ती सहज बोलली होती. मला ते लागलं.

१९९४ चा मार्च होता. बँकॉकपासून दीड तासावर एका सूतगिरणीच्या वसाहतीत आम्ही राहत होतो. माझे यजमान भरतेश तिथं स्पिनिंग मास्तर होते. आम्ही इचलकरंजीहून आलो त्याला सहा वर्षं झाली होती. वसाहतीत भारतीय घरं चारच, आणि त्या चार घरांत थाई बोलता येणारी मी एकटी. मी शाळेत कधी पहिल्या दहांत आले नव्हते, पण बाजारात भाजीवाल्यांशी घासाघीस करता करता ती भाषा माझ्या जिभेवर बसली. कुणाला डॉक्टरकडे जायचं असो, कुणाच्या मुलाचा शाळेतला दाखला असो, ‘मगदूम वहिनींना बोलवा’ असंच होतं.

आमा म्हणजे गिरणीमालकाची आई. थाई-चिनी घरात आजीला आमा म्हणतात. गिरणीत साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना आमाच म्हणायचे. दर रविवारी चार वाजता त्यांची गाडी माझ्या दारात यायची. मी त्यांच्याजवळ बसून चहा घ्यायची, गावच्या गोष्टी सांगायची, त्यांच्या ऐकायची. मालकाची आई आपल्याला बोलावते, याचा वसाहतीत काय मान असतो ते तिथं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

मग आदल्या वर्षीच्या जूनमध्ये मुळ्ये आले. श्रीपाद मुळ्ये मेंटेनन्स इंजिनियर, आणि त्याची ही बायको. देवरुखच्या कॉलेजात सहा वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवत होती, नवऱ्यासाठी नोकरी सोडून आली. तिला थाईचं एक वाक्य येत नव्हतं. पण आल्याच्या तिसऱ्या दिवशी ती बागेत माळ्याच्या मागं मागं फिरताना दिसली. हातात वही.

हा माळी म्हणजे लुंग बुन. लुंग म्हणजे काका. सत्तरी उलटलेला, वाळका, कमी बोलणारा माणूस, पन्नासहून जास्त वर्षं त्या एकाच बागेत राबलेला. शुभदा बोट दाखवायची, तो नाव सांगायचा, ती देवनागरीत लिहून मोठ्यानं वाचायची, तो मान हलवून पुन्हा सांगायचा. रुईचं फूल म्हणजे ‘डॉक राक’, डॉक म्हणजे फूल आणि राक म्हणजे प्रेम. “आम्ही मारुतीला वाहतो ते हे लोक लग्नाच्या हारात घालतात!” ती धावत मला सांगायला आली होती. पेरू म्हणजे ‘फारांग’, आणि गोऱ्या माणसालाही फारांगच. चिकू ‘लामुत’, सीताफळ ‘नॉयना’, बकुळ ‘फिकुन’. मांगखुत नावाचं जांभळ्या सालीचं फळ तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. फोडलं, वास घेतला, पाकळ्या मोजल्या आणि म्हणाली, “ही तर आपल्या कोकमाची बहीण!” केसाळ लाल फळाचं नाव ‘ङॉ’ निघालं तेव्हा ती पोट धरून हसली. “ताई, क ख ग घ नंतरच्या त्या बिचाऱ्या ङ ला जन्मात पहिल्यांदा काम मिळालं!”

एकदा तिनं केसात चाफा माळला. पांढरा, देवळातला असतो तो. मी पाहिलं आणि काही बोलले नाही. लुंग बुननं पाहिलं, जवळ आला, दोन्ही हात जोडून परवानगी मागितली आणि ते फूल काढून घेतलं. ‘लान थोम’ म्हणाला, आणि रडण्याची खूण केली. त्या नावाचा आवाज त्यांच्या दुःखाच्या शब्दाजवळ जातो, म्हणून तेव्हा जुनी माणसं ते झाड घरात लावत नसत. त्यानं तिला त्याऐवजी मोगऱ्याची माळ आणून दिली.

हे सगळं आमांच्या कानावर गेलं. एका रविवारी गाडी आली आणि ड्रायव्हर म्हणाला, दुसऱ्या बाईंनाही आणायला सांगितलंय. आम्ही दोघी गेलो. आमांनी लॉंगकॉंग नावाच्या फळांचा घोस पुढं ठेवला होता. शुभदा एकेक फळ सोलून त्यांच्या हातावर ठेवी आणि नाव म्हणे, चुकीच्या सुरात. आमा दुरुस्त करत. पुन्हा चूक. दोघी हसून हसून बेजार. शुभदा काही सांगायला लागली, तसं मी सवयीनं पुढं सरकून थाईत सांगायला तोंड उघडलं.

आमांनी माझ्याकडं न बघताच हात वर केला. “पात्तमा, भाषांतर नको. आम्हाला कळतंय.”

माझं नाव पद्मा. त्यांच्या तोंडात ते पात्तमा व्हायचं.

त्यानंतरच्या दोन रविवारी गाडी आली ती माझ्या दारावरून पुढं गेली आणि मुळ्यांच्या दारात थांबली. समोरच्या घरातल्या बाईनं मला विचारलं, “काय वहिनी, बरं नाही का?”

तर अशी ती मार्चची दुपार. परवा आमांना बाहत्तर पूर्ण होणार होती. तिकडं बारा-बारा वर्षांचं एक आवर्तन मानतात, तेव्हा सहा आवर्तनं पुरी होणं हा मोठा सोहळा. शुभदानं भेट म्हणून वही तयार केली होती. बागेतलं प्रत्येक फूल दाबून, वाळवून चिकटवलेलं. खाली मराठी नाव आणि थाई नाव. थाई अक्षरं तिनं गिरणीच्या कारकुनाकडून लिहून घेतली होती. शेवटचं पान तेवढं कोरं होतं.

“ताई, मला काय वाटतं सांगू?” ती म्हणाली. “आपण सोनसावर म्हणतो, तर इथंही नावात सोनं असणारच. सोन्याला थॉंग म्हणतात ना? सोनाराच्या दुकानावर असतं ते. म्हणजे डॉक थॉंग. सोन्याचं फूल. बरोबर आहे?”

मी चहा गाळत होते.

त्या झाडाचं नाव मला माहीत होतं. फाय खाम. सोन्याचा कापूस. आमांच्या नवऱ्यानं गिरणी सुरू केली त्या वर्षी मुद्दाम नाव पाहून ते झाड लावलं होतं, हे आमांनीच मला सांगितलं होतं.

आणि डॉक थॉंग म्हणजे काय, हेही माहीत होतं. शब्द फोडला तर सोन्याचं फूलच. पण तो शब्द तिकडं फुलासाठी वापरत नाहीत. बाईला वापरतात. बाजारात दोन बायका झिंज्या धरून भांडायला लागल्या की शेवटी जो शब्द निघतो, तो हा. मराठीत त्याचा अर्थ मी इथं लिहीत नाही. आपल्याकडेही त्यासाठी शब्द कमी नाहीत.

“बरोबर,” मी म्हणाले.

तिनं टाळी वाजवली. “मग शेवटी मी हेच वाक्य बोलणार. हे झाड जसं सोन्याचं फूल, तशा आमाही सोन्याचं फूल. कसं म्हणायचं?”

मी तिला वाक्य तयार करून दिलं. आमा पेन डॉक थॉंग खॉंग बान नी. तिनं ते शेवटच्या पानावर देवनागरीतच लिहिलं, दहा वेळा म्हटलं. दोन ठिकाणी तिचा सूर चुकत होता. तो मी सुधारून दिला.

“तुम्ही आहात म्हणून हो,” ती चहा पिऊन जाताना म्हणाली.

मला काय वाटत होतं ते सांगते. वाटत होतं, लोक हसतील. चारचौघांत फजिती होईल, आमांना राग येईल, आणि पुढच्या रविवारी गाडी माझ्या दारात येईल. एवढंच. त्यापुढचा विचार मी केला नव्हता.

परवाचा दिवस उजाडला. सकाळी भिक्षू येऊन जेवून गेले. बागेत मांडव होता, शंभरेक माणसं. पुढच्या रांगेत आमा जांभळ्या रेशमात, शेजारी मालक. डावीकडं थोरल्या घरचे बसले होते. आमांच्या नवऱ्याची पहिली बायको कधीच वारली होती, पण तिची मुलं-सुना अशा कार्यक्रमांना यायची, जेवायची आणि फारसं न बोलता जायची. लुंग बुन त्याच सकाळी गावाहून परतला होता. धुतलेला सदरा घालून मांडवाच्या खांबाशी उभा होता.

शुभदा उठली. हिरवी इरकल, केसात मोगरा. वही आमांच्या मांडीवर ठेवून ती एकेक पान उलटू लागली आणि नावं म्हणू लागली. चाबा, माली, फिकुन, डॉक राक. लोक कौतुकानं हसत होते, टाळ्या वाजवत होते. आमा प्रत्येक फुलावरून बोट फिरवत होत्या. लुंग बुनकडं पाहून त्यांनी एकदा मानही हलवली, हे सगळं तुझंच शिकवणं ना, अशी.

शेवटचं पान आलं. शुभदानं हात जोडले, आवाज चढवला आणि ते वाक्य म्हटलं. सूर अगदी बिनचूक.

कुणी हसलं नाही.

मांडवात पंख्यांचा तेवढा आवाज होता. मग डावीकडून, थोरल्या घरच्या सुनेच्या नाकातून एक बारीक फुसकारा निघाला, आणि तिनं तोंडावर रुमाल धरला. मालक अर्धा उठला. आमांनी त्याच्या मनगटावर हात ठेवून त्याला बसवलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. शुभदा हसऱ्या तोंडानं टाळ्यांची वाट पाहत उभी होती.

“पात्तमा,” आमा म्हणाल्या. “इकडं ये. हिला विचार, माझ्याबद्दलचा हा शब्द तिला कुणी सांगितला?”

मी पुढं झाले. तो शब्द आमांना एवढा का लागला, हे त्या मांडवात त्यांच्याखेरीज दोघांनाच कळणार होतं.

इथं मागं गेल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. आमा त्या घरात आल्या तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. चिनी हमालाची मुलगी, धाकटी बायको म्हणून आणलेली. लिहिता-वाचता येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात थोरलीनं रातोरात माणसं पाठवून फाटकावर डांबरानं मोठ्या अक्षरात तो शब्द लिहून घेतला. आमा दोन दिवस त्या अक्षरांखालून ये-जा करत होत्या. त्यांना वाटलं, नव्या सुनेच्या स्वागताचं काही असेल. तिसऱ्या दिवशी त्यांनी नुकत्याच कामाला लागलेल्या माळ्याला विचारलं, हे काय लिहिलंय रे? त्यानं सांगितलं नाही. चुन्याची बादली आणून फाटक पुसलं. आमांनी हट्टानं विचारलं, तेव्हा खाली मान घालून सांगितलं. तो लुंग बुन.

आमांच्या मुलालाही हे माहीत नव्हतं. थोरल्या घरात ज्यांना माहीत होतं ती माणसं मरून गेली होती, आणि नव्यांना तो शब्द नुसती शिवी म्हणून कळला. आमांच्या बाजूनं आता दोघांनाच ठाऊक होतं. एक लुंग बुन. दुसरी मी. आम्ही तिथं आल्याच्या चौथ्या वर्षी एका रविवारी, त्यांच्या पायांना तेल चोळताना, त्यांनी मला सांगितलं होतं. “तुला सांगितलं, कारण तू परकी आहेस,” असं म्हणाल्या होत्या.

खॉंग बान नी म्हणजे ‘या घराचं’. ते दोन शब्द मी वाक्यात जोडले होते. फाटकावरही तसंच लिहिलेलं होतं.

आता आमा माझ्याकडं बघत होत्या. शुभदा माझ्याकडं बघत होती. खरा प्रश्न मराठीत विचारला असता तर ती म्हणाली असती, तुम्हीच ना ताई.

मी तिच्याकडं वळले. “आमा विचारताहेत, एवढी सगळी माहिती तुला कुणी दिली?”

शुभदाचा चेहरा उजळला. “त्यांच्याच माणसांनी! सांगा ना त्यांना. सगळं लुंग बुनकडून शिकले. त्यांच्यामागं लागून लागून, एकेक शब्द विचारून लिहून घेतला.”

मी आमांकडं वळले आणि शब्दाला शब्द ठेवून थाईत सांगितलं. “ती म्हणते, तुमच्याच माणसानं. लुंग बुनकडून शिकले. मागं लागून, एकेक शब्द विचारून लिहून घेतला.”

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

आमांनी वही मिटली. खांबाकडं पाहिलं. लुंग बुननं नजर झुकवली नाही, आमचं हलक्या आवाजातलं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. आमांनी मालकाच्या कानात काही सांगितलं. मग जेवणाची पानं आली. लोक जेवले.

दुसऱ्या दिवशी लुंग बुनला बागेमागची खोली सोडायला सांगितलं. कारण विचारायची तिकडं पद्धत नाही आणि सांगायचीही नाही. तो सामानाचं बोचकं घेऊन आधी मुळ्यांच्या दारात गेला. शुभदानं मला हाक मारली.

“ताई, हे कुठं निघालेत? काहीतरी सांगताहेत, मला समजत नाही.”

तो पायरीवर उभा होता. आत आला नाही. मला म्हणाला, “बाईंना विचारा. मी त्यांना डॉक थॉंग हा शब्द कधी शिकवला का? फाटकावरची गोष्ट मी माझ्या बायकोलाही सांगितली नाही. बाईंच्या तोंडून ‘नाही’ एवढं ऐकलं की मी जातो. मला परत घ्या म्हणत नाही.”

शुभदानं मधला शब्द पकडला. “डॉक थॉंगचं काय म्हणाले?”

“म्हणतोय, त्या झाडाची आठवण येईल,” मी म्हणाले. “गुडघे गेलेत म्हणून काम सोडतोय. गावी चाललाय.”

तिचे डोळे भरले. तिनं त्याला वाकून नमस्कार केला. “त्यांना सांगा, मी जे शिकले ते सगळं तुमच्यामुळं. जन्मात विसरणार नाही.”

मी त्याला ते सांगितलं. पुन्हा शब्दाला शब्द.

तो तिच्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग बोचकं खाली ठेवून त्यानं हात जोडले, आधी तिला आणि मग मला. बोचकं उचलून फाटकाकडं चालू लागला. त्याचे गुडघे चांगले होते. सरळ चालत गेला.

तिसऱ्या दिवशी श्रीपादला सांगण्यात आलं, करार महिनाअखेर संपतोय, पुढं वाढणार नाही. शुभदाला तेव्हाही उलगडा झाला नाही. पण कुठंतरी खटकलं असणार. ती बाजारात फुलवालीकडं गेली आणि तिनं डॉक थॉंगची वेणी मागितली. फुलवालीनं पाटावर हात आपटला. शेजारी उभ्या असलेल्या एका शाळामास्तरणीनं शुभदाला बाजूला घेऊन इंग्रजीत अर्थ सांगितला.

ती तिथून थेट माझ्याकडं आली. मी भाकरी थापत होते.

“तुम्हाला माहीत होतं?”

मी गॅस बारीक केला. “मला वाटलं, हसतील.”

“कुणाला?”

“तुला.”

ती भिंतीला टेकली. “मी तुमचं काय केलं होतं?”

रविवारच्या गाडीचं तिला काय सांगायचं? मी तव्यावरची भाकरी उलटली.

“माझं राहू दे,” ती म्हणाली. आवाज एकदम शांत झाला होता. “लुंग बुन का गेले? त्यांच्यावर आलं का हे?”

मी तव्यावरची भाकरी काढून टोपल्यात ठेवली.

“चला. आत्ताच्या आत्ता आमांकडं चला.”

“शुभदा, ह्यांची नोकरी आहे. मुलं शाळेत आहेत.”

“मग मी एकटी जाते.”

ती गेली. अर्ध्या तासानं आमांची गाडी माझ्या दारात येऊन थांबली. मंगळवार होता.

आमा खुर्चीवर बसल्या होत्या, शुभदा त्यांच्या पायाशी जमिनीवर. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं.

“ही मघापासून लुंग बुन, लुंग बुन करतेय,” आमा मला म्हणाल्या. “मध्येच तुझंही नाव घेते. काय म्हणायचंय तिला?”

शुभदानं माझा पदर धरला. “ताई, माझ्याकडं नावं आहेत नुसती, वाक्यं नाहीत. तुम्ही सांगा. तुमचं नाव घेऊ नका हवं तर. मीच माझ्या डोक्यानं तो शब्द जुळवला, असंच सांगा. ते खरंही आहे. माझी काय बेअब्रू व्हायची ती होऊ दे. मी निघालेच आहे. फक्त लुंग बुनचा संबंध नाही, एवढं सांगा.”

तिनं मला सुटायला वाट करून दिली होती. दुसरं कुणी असतं तर त्या वाटेनं सुटलं असतं. पण लुंग बुन नाही म्हटलं की आमांनी बोटं मोजली असती. दोघांनाच ठाऊक असलेली गोष्ट. त्यातला एक गेला की उरते कोण? मी.

“ती क्षमा मागतेय,” मी आमांना म्हणाले. “स्वतःसाठी आणि लुंग बुनसाठी. म्हणते, म्हातारा माणूस आहे, भोळेपणी बोलून गेला, त्याला शिक्षा नको. आणि मी शब्द टाकावा म्हणून माझं नाव घेतेय.”

आमांनी डोळे मिटले. त्या क्षणापर्यंत त्यांना कुठंतरी आशा होती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ती गेली.

“पोरीला क्षमा केली म्हणावं,” त्या म्हणाल्या. “तिला काय कळतंय. पण तो या फाटकातून पुन्हा आत येणार नाही.”

शुभदा माझ्याकडं बघत होती. “काय म्हणाल्या?”

“क्षमा केली म्हणाल्या.”

“लुंग बुन परत येतील?”

“येतील.”

तिनं आमांच्या पायांवर डोकं ठेवलं. आमांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. परतताना गाडीत तिनं माझा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. “तुम्ही चुकलात, पण वेळेवर सावरलंत,” ती म्हणाली. “सगळ्यांना नाही जमत ताई.”

मुळ्ये महिनाअखेर गेले. लुंग बुन सुफानबुरीला भाचीकडं राहिला. भाचीनं त्याला देवळाच्या आवारात झोपायला सांगितलं होतं, असं फाटकावरचा रखवालदार म्हणाला. पुढच्याच वर्षी तो तिथं वारला. आमांना मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं.” आणि त्या दिवशीचा चहा त्यांनी घेतला नाही. माझे रविवार सुरू झाले होते. अकरा वर्षं, आमा जाईपर्यंत, गाडी माझ्या दारात येत राहिली.

देवरुखहून दर दिवाळीला पत्र यायचं. पहिल्याच पत्रात शुभदानं विचारलं, लुंग बुन परत आले ना? मी लिहिलं, आले. दुसऱ्या वर्षी तिनं कुणाबरोबर तरी सुरंगीच्या बिया पाठवल्या, त्यांना लावायला द्या म्हणून. तोवर त्याला मरून सहा महिने झाले होते. बिया मी डब्यात ठेवल्या आणि लिहिलं, लावल्या, दोन उगवल्या. मग दर वर्षी ती रोपांची चौकशी करायची आणि मला ती वाढवावी लागायची. तिसऱ्या वर्षी मी ती वीतभर केली. सातव्या वर्षी कमरेएवढी. एका वर्षी मी त्यातलं एक मारून टाकलं, म्हणजे खरं वाटावं. तिनं मग लिहिलं, पाणी जास्त झालं असेल, लुंग बुनना म्हणावं मुळाशी साचू देऊ नका.

दहाव्या वर्षी पत्रात होतं की श्रीपाद आणि ती डिसेंबरात सहलीला थायलंडला येताहेत. दोन दिवस काढून लुंग बुनना भेटायला येतील. ते किती थकले असतील, ओळखतील का?

मी त्याच दुपारी उत्तर लिहिलं. लुंग बुन मागच्या आठवड्यात गेले. झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही, मी जवळच होते. आमांनी सगळं घरच्यासारखं केलं.

तीन आठवड्यांनी तिचं पोस्टकार्ड आलं. सहल रद्द केली होती. आता तिथं कुणाला भेटायचं, असं लिहिलं होतं. खाली दोनच ओळी होत्या.

‘त्यांच्या शेवटी तुम्ही जवळ होतात, हे वाचून फार बरं वाटलं. तुमच्यामुळं ते मानानं गेले.’